येणारे-जाणारे फंक्शन आणि कायमचे दप्तर

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय पत्रिकेत वाचून काही पालकांना नवल वाटले असेल. बी. ए., बी. एड. झालेल्या मराठीच्या शिक्षकाने क्लाउडवरचे फंक्शन आणि डेटाबेस यांवर काय बोलावे? परंतु आपल्या शाळेतून बाहेर पडलेली पुष्कळ मुले-मुली आज पदविका, बी. सी. ए., बी. एस्सी. अशा अभ्यासक्रमांत संगणक शिकत आहेत. सुट्टीत ती शाळेत भेटावयास येतात आणि बोलता बोलता गाडी एकाच तक्रारीवर येते : "सर, फंक्शन चालते, डेटाबेसही चालतो, पण दोघांची गाठ पडत नाही." त्यांच्याबरोबर बसून आणि कंपन्यांची माहितीपत्रके वाचून मला जे उमगले, ते आज आपणांपुढे ठेवतो. अवघड गोष्ट सोप्या शब्दांत सांगणे हे भाषेच्या शिक्षकाचे कामच आहे.

पालक विचारतील, या विषयाशी आमचा काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. आज शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाचा अर्ज, फीची पावती, दवाखान्यातली नोंद, सारे संगणकावर होते. त्यात आपल्या मुलाचे नाव, जन्मतारीख, घरचे उत्पन्न, बँकेचा खाते क्रमांक, आधार क्रमांक असतो. ही माहिती ज्या कोठारात जाते त्याचे नाव डेटाबेस, आणि ती तेथे नेऊन ठेवणारा जो लहानसा प्रोग्रॅम, त्याचे नाव फंक्शन. ही जोडणी बांधणारा तरुण उद्या आपल्याच घरातला असेल. त्याने ती कशी बांधली, यावर शेकडो कुटुंबांची अब्रू आणि पैसा अवलंबून राहील. २०२३ साली आपल्या संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची अट घातली आहे. म्हणजे कायद्यानेही ही माहिती परक्याची ठेव मानली आहे. आपल्या बोलीत तिला अमानत म्हणतात. अमानत सांभाळणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवावयास नको. ती संगणकावर कशी सांभाळावी एवढेच शिकावयाचे आहे.

प्रथम दोन्ही पक्षांची ओळख करून घेऊ.

डेटाबेस हा त्यातला वडील. १९७० साली एडगर कॉड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने अमेरिकेत, आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत असताना, एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवावी आणि तक्त्यांचे परस्परसंबंध गणिताच्या नियमांनी बांधावेत, असा त्याचा विचार होता. १९८१ साली त्यांना संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल ही जी नावे आपली मुले घेतात, ती याच विचाराची लेकरे होत. शाळेचे हजेरीपत्रक, जनरल रजिस्टर आणि फी-रजिस्टर यांत एकाच मुलाचा रजिस्टर नंबर जसा धागा असतो, तसाच येथेही असतो. असा डेटाबेस स्वतःच्या यंत्रावर ठेवला तर त्याची राखण, दुरुस्ती, प्रतीची प्रत काढणे, सारे आपल्यालाच करावे लागते. ॲमेझॉन कंपनीने २००९ साली आरडीएस नावाची सेवा सुरू केली. तीत यंत्राची देखभाल कंपनी करते, आपोआप प्रत काढून ठेवते, आणि ती प्रत आपण सांगू तितके दिवस, जास्तीत जास्त ३५ दिवस, जपते. यालाच व्यवस्थापित डेटाबेस म्हणतात.

फंक्शन हा धाकटा. त्याच कंपनीने २०१४ साली लॅम्डा नावाची सेवा जाहीर केली. तिला सर्व्हरलेस म्हणतात. सर्व्हर तेथेही असतोच, मात्र तो सांभाळण्याचे काम आपल्याकडे नसते. आपण फक्त एक लहान प्रोग्रॅम लिहून द्यावयाचा. कोणी हाक मारली की कंपनी त्याच्यासाठी एक लहानशी खोली उघडते, प्रोग्रॅम चालवते, उत्तर देते. हाक नसेल तेव्हा खोली गोठवून ठेवते, आणि काही वेळाने मोडूनही टाकते. एका वेळी एक खोली एकच हाक घेते. दहा हाका एकदम आल्या तर दहा खोल्या उघडतात. एका कामाला जास्तीत जास्त १५ मिनिटे मिळतात. जितका वेळ काम चालले तितक्याच वेळाचे पैसे. लहान कामाला ही सोय उत्तम आहे.

आता अडचण कोठे येते ते पाहा. आपल्याकडची लग्नाची दावत डोळ्यांपुढे आणा. देगा चढल्या आहेत, पंगती बसल्या आहेत. वाढपी पोरे गर्दीप्रमाणे वाढतात आणि कमी होतात. आज आली, उद्या नाहीत. कोठीघर मात्र एकच, त्याचे दार एकच, आणि आत एका वेळी मोजकी माणसे मावतात. फंक्शन म्हणजे वाढपी, डेटाबेस म्हणजे कोठीघर. वाढपी किती आणावेत याला सीमा नाही, पण कोठीचे दार रुंद होत नाही. या दोघांचे जमवावयाचे असेल, तर चार प्रश्नांची उत्तरे आधी ठरवावी लागतात. वाट कोणती? किल्ली कोणाकडे? गर्दी झाली तर काय? आणि काम अर्धवट राहिले किंवा दोनदा झाले तर काय? या चारही प्रश्नांकडे क्रमाने वळू.

पहिला प्रश्न वाटेचा. कंपनीच्या क्लाउडमध्ये प्रत्येक ग्राहकाला आपले खासगी कुंपण घालता येते. त्याला व्हीपीसी म्हणतात. डेटाबेस या कुंपणाच्या आत ठेवावा, हे योग्यच. पण लॅम्डाचे फंक्शन मुळात कुंपणाबाहेर असते. त्याला आत आणण्याची सोय २०१६ साली झाली. विद्यार्थी फंक्शन लिहितो, चालवतो, आणि तीन सेकंदांनी 'वेळ संपली' असा संदेश येतो. तो पुन्हा पुन्हा प्रोग्रॅम तपासतो, पासवर्ड तपासतो, आणि चूक सापडत नाही. कारण चूक प्रोग्रॅममध्ये नसतेच. लॅम्डाची मूळ मुदत तीन सेकंदांची असते, आणि फंक्शन बंद दारावर थाप मारीत तेवढा वेळ उभे राहते. एक खूण लक्षात ठेवा : पासवर्ड चुकला असेल तर डेटाबेस लगेच नकार कळवतो, काहीच उत्तर न येता वेळ संपली, तर बहुतेक वेळा वाटच बंद असते. नकार आणि मौन यांतला हा फरक ओळखता आला, तर दुरुस्तीचा निम्मा वेळ वाचतो.

वाट उघडण्याची रीत अशी. फंक्शन त्याच कुंपणात आणावे. दाराशी सिक्युरिटी ग्रुप नावाचा पहारा असतो. डेटाबेसच्या पहाऱ्याला सांगावे की, फंक्शनच्या ग्रुपमधून येणाऱ्याला आत सोड. मायएसक्यूएल असेल तर ३३०६ क्रमांकाच्या पोर्टवर, पोस्टग्रेएसक्यूएल असेल तर ५४३२ वर. आणि बाकी कोणालाही सोडू नकोस. येथे घाईत एक अपराध घडतो. काम होत नाही म्हणून विद्यार्थी पहाऱ्याच्या नियमात ०.०.०.०/० असे लिहितो आणि डेटाबेसला सार्वजनिक पत्ता देतो. जोडणी लगेच चालू होते, मुलाला आनंद होतो. पण त्या शून्यांचा अर्थ 'जगातल्या कोणालाही' असा आहे. इंटरनेटवर अशी उघडी दारे शोधीत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. वाढप्याला सोयीचे जावे म्हणून कोठीघराची भिंतच पाडण्यासारखे हे आहे. जोडणी चालणे वेगळे आणि जोडणी बरोबर असणे वेगळे, हे सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

वाटेविषयी आणखी दोन गोष्टी. फंक्शन कुंपणात आणले की त्याची बाहेरच्या इंटरनेटची वाट बंद होते. मग एसएमएस पाठवणे किंवा दुसऱ्या सेवेला विचारणे थांबते. त्यासाठी नॅट गेटवे नावाची सोय आहे. पण तिचे भाडे तासाप्रमाणे, वापर असो वा नसो, चालू राहते. दुसरी गोष्ट जुन्या सल्ल्याची. कुंपणातले फंक्शन सुरू व्हायला फार वेळ घेते, असे जुन्या लेखांतून वाचावयास मिळते. ते एकेकाळी खरे होते. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीने ती रचना बदलण्यास आरंभ केला, आणि तेव्हापासून तो मोठा विलंब गेला. या विद्येत सल्ला वाचताना आधी त्याची तारीख वाचावी. आणि फंक्शन व डेटाबेस एकाच विभागात ठेवावेत. मुंबईचा विभाग २०१६ साली सुरू झाला. डेटाबेस मुंबईत आणि फंक्शन अमेरिकेत ठेवले, तर प्रत्येक प्रश्नाला सातासमुद्रापार हेलपाटा पडेल.

दुसरा प्रश्न किल्लीचा. डेटाबेसमध्ये शिरण्यास नाव व पासवर्ड लागतो. तो कोठे ठेवावा? सर्वांत वाईट जागा म्हणजे प्रोग्रॅमच्या मजकुरातच लिहिणे. तो प्रोग्रॅम मित्राला दाखवण्यासाठी गिटहबसारख्या सार्वजनिक ठिकाणी टाकला, की किल्ली चव्हाट्यावर आली. नंतर ती ओळ खोडली तरी जुन्या आवृत्त्यांत ती शिल्लक राहते. म्हणून असे घडल्यास ओळ खोडून भागत नाही. पासवर्डच बदलला पाहिजे, आणि तोही तत्काळ.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे सीक्रेट्स मॅनेजर नावाची तिजोरी. फंक्शनने गरज पडेल तेव्हा तेथून पासवर्ड घ्यावयाचा. पासवर्ड ठरावीक मुदतीने आपोआप बदलण्याची सोयही तीत आहे. परंतु मघाशी सांगितलेली गोष्ट आठवा. कुंपणातल्या फंक्शनला बाहेरची वाट नसते आणि तिजोरी कुंपणाबाहेर असते. म्हणून तिजोरीपर्यंतही वेगळी वाट काढून द्यावी लागते, नाहीतर पुन्हा तेच मौन आणि तीच 'वेळ संपली'. याच जागी पुष्कळ विद्यार्थी दोन-दोन दिवस अडतात.

तिसरा मार्ग मला विद्यार्थ्यांसाठी विशेष सोयीचा वाटतो. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल या दोहोंसाठी आरडीएसमध्ये पासवर्डऐवजी तात्पुरता परवाना चालतो. फंक्शनला कंपनीने जी ओळख दिलेली असते तिच्या आधाराने हा परवाना जागच्या जागी तयार होतो, त्यासाठी बाहेर विचारावयास जावे लागत नाही, आणि तो १५ मिनिटेच चालतो. तेवढ्यात आत शिरलेल्याचे काम पुढे चालू राहते. पण परवाना कोणाच्या हाती लागला तरी पाव तासाने तो कागदाचा कपटा. कायमची किल्ली बनवलीच नाही, तर ती हरवण्याची भीतीही नाही.

कोणताही मार्ग घ्या, दोन पथ्ये पाळा. फंक्शनला मालकाचे अधिकार देऊ नका. अर्ज नोंदवणाऱ्या फंक्शनला अर्जाच्या तक्त्यात लिहिता आले म्हणजे पुरे. तक्ता पुसून टाकण्याचा अधिकार त्याला कशासाठी हवा? दुसरे असे की, अर्जदाराने लिहिलेला मजकूर प्रश्नाच्या वाक्यात जसाच्या तसा चिकटवू नका. मजकुराची जागा मोकळी ठेवून तो वेगळा पाठवण्याची सोय प्रत्येक भाषेत आहे. ती न वापरल्यास नावाच्या रकान्यात कोणी दुष्ट माणूस नावाऐवजी आज्ञाच लिहील, आणि डेटाबेस ती इमानाने पाळील.

तिसरा प्रश्न गर्दीचा, आणि या विषयाचे खरे मर्म येथे आहे. समजा, एखाद्या संस्थेने शिष्यवृत्तीचे अर्ज मागवले आहेत. मुदतीची शेवटची संध्याकाळ आहे. आपली सवय आपणांस ठाऊक आहेच. महिनाभर अर्ज घरात पडून असतो आणि शेवटच्या तासाला सगळे धावतात. तीनशे मुलांनी एकदम बटण दाबले. लॅम्डा त्या सर्वांसाठी खोल्या उघडू शकते. एका खात्याला एका विभागात सर्वसाधारणपणे एका वेळी १,००० पर्यंत खोल्या मिळतात, नव्या खात्याला कमीही मिळतात. प्रत्येक खोली डेटाबेसशी आपली एक जोडणी उघडते. डेटाबेस मात्र लहानसा, एक जीबी स्मृतीचा. आरडीएसमध्ये जोडण्यांची मर्यादा स्मृतीवरून ठरते. मायएसक्यूएलसाठी स्मृतीच्या बाइटना १,२५,८२,८८० ने भागतात. एक जीबीला हे उत्तर ८५ येते, आणि स्मृतीचा काही भाग यंत्रालाच लागत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. म्हणजे ८५ जणांना जागा मिळाली आणि उरलेल्या दोनशेंहून अधिक मुलांना 'टू मेनी कनेक्शन्स' असे इंग्रजी उत्तर मिळाले. त्या उत्तराचा अर्थ न कळलेला खेड्यातला मुलगा समजतो की आपलाच अर्ज चुकला. एका मर्यादेचा हिशेब कोणी न केल्यामुळे त्याचे वर्ष जाऊ शकते.

एवढ्याने भागत नाही. काम संपल्यावर खोली गोठते, पण तिने उघडलेली जोडणी तशीच राहू शकते. वाढपी निघून गेला, मात्र कोठीतली त्याची जागा अडलेलीच. मायएसक्यूएलमध्ये अशी निष्क्रिय जोडणी तोडण्याची मूळ मुदत २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास आहे. आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये प्रत्येक जोडणीसाठी यंत्राला एक स्वतंत्र प्रक्रिया चालवावी लागते. म्हणजे नुसत्या बसून असलेल्या पाहुण्यांचाही भार पडतो.

यावर उपाय आहेत, आणि ते पायरीपायरीने करावेत.

पहिली पायरी फुकटची आहे. जोडणी उघडणारी ओळ फंक्शनच्या मुख्य भागाबाहेर लिहावी. मग ती खोली उघडताना एकदाच चालते, आणि त्याच खोलीत पुढची हाक आली तर तीच जोडणी वापरता येते. मात्र मधल्या काळात ती तुटली नाही ना, हे तपासून घ्यावे आणि तुटली असल्यास नवी उघडावी. तसेच एका खोलीला एकच जोडणी पुरते. मोठ्या सर्व्हरसाठी लिहिलेल्या पुस्तकांत दहा-दहा जोड्यांचा साठा उघडण्याचा पाठ असतो. तो येथे गिरवू नये. खोली एका वेळी एकच हाक घेते, बाकी नऊ जोडण्या रिकाम्या बसून दुसऱ्यांची जागा अडवतात.

दुसरी पायरी, वाढप्यांची संख्या बांधून देणे. हे फंक्शन एका वेळी वीसपेक्षा जास्त खोल्यांत चालू नये, असे सांगता येते. पण मग एकविसाव्या मुलाला परत पाठवावयाचे का? नाही. त्याचा अर्ज आधी रांगेत घ्यावा. एसक्यूएस नावाची रांगेची सेवा आहे. अर्ज तेथे टिकून राहतो आणि फंक्शन आपल्या गतीने एकेक उचलून डेटाबेसमध्ये लिहिते. मुलाला 'अर्ज पोहोचला, नोंद होत आहे' असे उत्तर लगेच मिळते. रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या आपल्या समाजाला रांगेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. फक्त येथे माणसाऐवजी अर्ज उभा राहतो.

तिसरी पायरी म्हणजे कोठीच्या दाराशी एक जाणता माणूस बसवणे. दावतीत हे आपण करतोच. दाराशी कोठीवाला असतो, वाढपी त्याच्याकडे भांडे देतात आणि तो आतून भरून आणून देतो. आत फारशी ये-जा होत नाही. आरडीएस प्रॉक्सी ही सेवा हेच काम करते. ती २०२० च्या जूनमध्ये सर्वांसाठी खुली झाली. शेकडो फंक्शने तिच्याशी बोलतात, आणि ती स्वतः डेटाबेसशी मोजक्या जोडण्या उघड्या ठेवून त्याच आळीपाळीने वापरते. मात्र तिचे भाडे वेगळे असते, आणि डेटाबेस अगदी लहान असेल तर ते डेटाबेसच्या भाड्याहून अधिकही होऊ शकते. म्हणून पहिल्या दोन पायऱ्या चढून पाहिल्याशिवाय तिसरीवर पाय ठेवू नये. आधी हिशेब, मग खरेदी.

चौथा प्रश्न अर्धवट आणि दुबार कामाचा. फंक्शन कोणत्याही क्षणी थांबू शकते. त्याची मुदत संपू शकते. अर्ज नोंदला पण फीची नोंद राहिली, असे होता कामा नये. यासाठी डेटाबेसमध्ये व्यवहाराची सोय आहे : दोन्ही नोंदी झाल्या तरच कायम, नाहीतर दोन्ही रद्द. दुबार कामाचे कारण निराळे आहे. उत्तराची वाट न पाहता दिलेले काम फसले, तर लॅम्डा ते आपण होऊन आणखी दोनदा करून पाहते. रांगेतूनही एखादा अर्ज क्वचित दोनदा येऊ शकतो. ही सेवेतली चूक नव्हे. काम बुडण्यापेक्षा ते पुन्हा झालेले बरे, असा तिचा विचार आहे. पण एकाच मुलाच्या नावावर दोन अर्ज किंवा दोनदा फी लागली तर? म्हणून प्रत्येक अर्जाला एक क्रमांक द्यावा, आणि तो क्रमांक तक्त्यात दोनदा येऊ शकणार नाही अशी अट डेटाबेसलाच घालावी. मग फंक्शनने कितीही वेळा प्रयत्न केला तरी नोंद एकच राहील. कॉड यांनी आखून दिलेल्या विद्येची ताकद येथे दिसते. फंक्शन विसराळू आहे; त्याची आठवण डेटाबेसने ठेवावयाची.

चारही प्रश्न येथे संपले. यावरून एक तात्पर्य निघते. 'व्यवस्थापित' या शब्दाने पुष्कळांचा गैरसमज होतो. यंत्राची जबाबदारी कंपनीने घेतली, पण दार कोणाला उघडावे, किल्ली कोणाला द्यावी, आत काय लिहावे, ही जबाबदारी आपलीच राहते. घरभाडे देणाऱ्याने घरमालकाला कुलूप लावावयास सांगून कसे चालेल? गुगलची, मायक्रोसॉफ्टची अशीच सेवा वापरलीत तरी नावे बदलतील, हे चार प्रश्न बदलणार नाहीत. म्हणून बटणे कोठे आहेत हे पाठ करण्यापेक्षा प्रश्न पाठ करा. बटणांच्या जागा दर वर्षी बदलतात.

विद्यार्थी मित्रांनो, आता पैशाविषयी दोन शब्द. लॅम्डात दरमहा दहा लाख हाका फुकट मिळतात, हे ऐकून सारेच फुकट असे समजू नका. डेटाबेसचे भाडे तासावर चालते, कोणी प्रश्न विचारो वा न विचारो. तो थांबवून ठेवला तरी साठवणीचे पैसे लागतात, आणि सात दिवसांनी तो आपोआप पुन्हा सुरू होतो, हे अनेकांना ठाऊक नसते. प्रकल्प सादर झाला, गुण मिळाले, मुलगा सुट्टीवर गेला आणि इकडे बिल चढत राहिले, असे होऊ देऊ नका. पहिल्याच दिवशी खर्चाची मर्यादा ठरवून तिची सूचना ईमेलवर येईल अशी सोय करा, आणि काम संपताच हवी ती प्रत काढून डेटाबेस काढून टाका.

ज्यांच्याकडे तेवढेही पैसे नाहीत त्यांनी मागे राहण्याचे कारण नाही. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल दोन्ही विनामूल्य आहेत. घरच्या किंवा शाळेच्या जुन्या संगणकावर मायएसक्यूएल बसवा. त्याची जोडण्यांची मर्यादा दहावर आणा. मग पंधरा जोडण्या एकदम उघडणारा लहानसा प्रोग्रॅम लिहा आणि काय होते ते डोळ्यांनी पाहा. त्यानंतर जोडणी परत वापरणारा प्रोग्रॅम लिहून तोच प्रयोग करा. एका दुपारच्या या प्रयोगातून जे कळेल, ते नुसत्या वाचनाने कळणार नाही. मुलींना मी विशेष सांगेन की, या कामाला अंगबळ लागत नाही की मोठे भांडवल लागत नाही. लागते ती चिकाटी आणि हिशेबी बुद्धी, आणि या दोन्हींत आपल्या वर्गातल्या मुली कधीच मागे नव्हत्या.

पालकांना माझी एक विनंती आहे. आपल्या मुलाचे काम आपल्याला कळत नाही म्हणून गप्प बसू नका. इंग्रजी येत नसले तरी चार प्रश्न आपल्याला विचारता येतील. "बाळ, दार कोणाकोणाला उघडे ठेवलेस? किल्ली कोठे ठेवलीस? शेवटच्या दिवशी सगळे एकदम आले तर काय होईल? आणि एकाच माणसाची नोंद दोनदा झाली तर?" मुलाने सोप्या भाषेत उत्तर दिले, तर समजा की त्याला विषय कळला आहे. तो अडखळला, तर रागावू नका. त्याला अजून एक दिवस द्या. हे प्रश्न दुकान चालवणाऱ्या, शेती करणाऱ्या, गवंडीकाम करणाऱ्या बापाला जेवढे कळतात, तेवढेच ते संगणकाच्या कामालाही लागू आहेत.

सेवा येतील आणि जातील. आज ज्याला लॅम्डा म्हणतात त्याला उद्या दुसरे नाव मिळेल. फंक्शनचा तर स्वभावच येण्या-जाण्याचा आहे. मागे उरते ते दप्तर, आणि त्या दप्तरात ज्यांची नावे आहेत ती माणसे. त्या नावांची जपणूक करणारे तरुण-तरुणी आपल्या शाळांतून निघोत, त्यांच्या हाती दिलेली अमानत सुरक्षित राहो, अशी मनापासून इच्छा व्यक्त करतो.